सीस्टार एस५०: दिव्यांच्या उजेडातल्या अंगणात, तिसऱ्या तासाला

पेटी उघडायची, दुर्बीण तिपाईवर ठेवायची, फोन जोडायचा. दहा मिनिटांत मृगाचा तेजोमेघ पडद्यावर गुलाबी-निळा उमटतो. झेडडब्ल्यूओ कंपनीच्या सीस्टार एस५० या फोनवरून चालणाऱ्या स्वयंचलित दुर्बिणीची बहुतेक परीक्षणं इथेच थांबतात. पण मृगाचा तेजोमेघ इतका तेजस्वी आहे की त्याच्यावर कुठलंही यंत्र उत्तीर्ण होतं. खरा कस लागतो तो रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांखाली, शेजारच्या गच्चीवरचा दिवा चालू असताना, एखाद्या पुसट दीर्घिकेवर तिसरा तास सुरू होतो तेव्हा. हे परीक्षण त्या तिसऱ्या तासाचं आहे.

आधी यंत्र काय आहे ते पाहू. २०२३ मध्ये बाजारात आलेली ही दुर्बीण म्हणजे ५० मिमी व्यासाचं, २५० मिमी नाभीय अंतराचं, तीन भिंगांचं अपोक्रोमॅट (रंगांची झालर टाळणारं भिंग), म्हणजे एफ/५. मागे सोनीचा आयएमएक्स४६२ हा रंगीत सेन्सर, १९२० गुणिले १०८० पिक्सेलचा, प्रत्येक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. फोकसर, माउंट (दुर्बीण फिरवणारा भाग), छोटा संगणक, ६४ जीबी साठवण, ६००० एमएएच बॅटरी, दव घालवणारा हीटर आणि फिल्टरची सरकती पट्टी हे सगळं एकाच डब्यात. सोबत छोटी तिपाई आणि सूर्यासाठी पुढे लावायचा फिल्टर येतो. सूर्याकडे वळवायची असेल तर तो फिल्टर आधी लावायचा, मग अॅपमध्ये सूर्य निवडायचा. हा क्रम उलटा झाला तर सेन्सर गमवाल.

आकड्यांचा अर्थ असा. एक पिक्सेल आकाशाचे २.३९ विकला व्यापतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ५० मिमी भिंगाची डॉज मर्यादा, म्हणजे जवळचे दोन तारे सुटे दिसायची मर्यादा, सुमारे २.३ विकला. म्हणजे भिंग आणि सेन्सर एकमेकांना साजेसे आहेत, आणि याहून बारीक तपशील या दुर्बिणीकडून मिळणारच नाही, आकाश कितीही स्थिर असो. गुरूचं बिंब ४५ विकलांचं असताना इथे जेमतेम १९ पिक्सेल रुंद दिसतं. शनी कड्यांसकट त्याहून लहान. ग्रहांसाठी ही दुर्बीण घेऊ नये, इतकं सांगून तो विषय संपतो. चंद्र मात्र सुमारे ७८० पिक्सेलचा येतो आणि चौकटीत छान बसतो.

चौकट १.२८ अंश गुणिले ०.७२ अंश. तीही उभी. पहिली खरी अडचण हीच. देवयानी दीर्घिका तीन अंश लांब आहे, तिचा मधला भागच येतो. कृत्तिका मावत नाहीत. धनु राशीतला एम ८ तेजोमेघ (एम म्हणजे मेसिएच्या यादीतला क्रमांक) कडेला कापला जातो. रोझेट तेजोमेघ जवळपास दीड अंशाचा, त्यामुळे पाकळ्या छाटल्या जातात. २०२४ मध्ये मोझेकची, म्हणजे तुकडे जोडून मोठं चित्र करायची सोय आली, आता अॅपमध्ये चौकट ताणून मोठी आणि तिरकी करता येते. पण मोझेक फुकट मिळत नाही: दुप्पट क्षेत्र घेतलं की प्रत्येक तुकड्याला निम्माच वेळ मिळतो. उजळ आकाशात आधीच वेळ कमी पडत असतो, त्यात चौपट चौकट मागितली तर दोन रात्री लागतील हे धरून चाला.

उजेडाचा हिशोब

आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस विकलेला किती प्रतीची आहे, हा आकडा लक्षात ठेवावा (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं आकाश काळोखं). चांगल्या काळोख्या जागी ती २१.५ च्या आसपास असते, उपनगरात १८.५. फरक तीन प्रतींचा, म्हणजे उपनगरातलं आकाश सुमारे सोळापट उजळ. चित्रातला खरखराट जेव्हा मुख्यतः या पार्श्वभूमीतूनच येतो तेव्हा तेवढंच सिग्नल-नॉइज गुणोत्तर (वस्तूचा उजेड आणि खरखर यांचं प्रमाण) गाठायला वेळही सोळापट लागतो. काळोखातलं अर्ध्या तासाचं काम अंगणात आठ तासांचं. ही गोष्ट कुठलीही दुर्बीण बदलत नाही, आणि सीस्टारची जाहिरात ती सांगत नाही.

या हिशोबातून सुटायचा एकच दरवाजा आहे: फिल्टर. सीस्टारमध्ये दोन बसवलेले आहेत. एक नेहमीचा, अतिनील आणि अवरक्त छाटणारा. दुसरा अॅपमध्ये एलपी या नावाने दिसतो. तो दोन पट्ट्यांचा आहे, हायड्रोजन-अल्फाभोवती २० नॅनोमीटर आणि ऑक्सिजन-तीनभोवती ३० नॅनोमीटर. हायड्रोजन-अल्फा ६५६.३ नॅनोमीटरवर, ऑक्सिजनच्या दोन रेषा ४९५.९ आणि ५००.७ वर. जुने सोडियम दिवे बहुतांशी ५८९ नॅनोमीटरच्या आसपास चमकायचे, ते छाटणं सोपं होतं. पांढरे एलईडी संपूर्ण वर्णपटात उजेड सांडतात; त्यांच्यासमोर रुंद पट्ट्याचे 'प्रकाशप्रदूषण फिल्टर' फारसे कामाचे राहिले नाहीत. अरुंद पट्टाच लागतो.

सीस्टारचा पट्टा अरुंद आहे, पण फार नाही. वेगळे विकत मिळणारे दोन पट्ट्यांचे फिल्टर ७, ५, अगदी ३ नॅनोमीटरचेही असतात. २० नॅनोमीटरचा फिल्टर लाल पिक्सेलवरची पार्श्वभूमी ढोबळ मानाने पाचपट कमी करतो. ७ नॅनोमीटरचा त्याच्याही तिप्पट. तरी निर्मात्यांचा निर्णय समजण्यासारखा आहे. अतिअरुंद फिल्टरला जास्त लांब एक्स्पोजर लागतं, फोकस आणि तारे शोधणं अवघड होतं, आणि या डब्यात सगळं आपोआप व्हायला हवं. मधला मार्ग निवडला आहे आणि तो बहुतेकांना पुरेल. पुढून आणखी एक फिल्टर चिकटवायचे जुगाड लोक करतात; त्या वजनाने आणि तिरकेपणाने ताऱ्यांना शेपट्या येतात, म्हणून आम्ही ते सुचवणार नाही.

फिल्टर केव्हा लावायचा, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. नियम साधा आहे. जे स्वतःच्या रेषांमध्ये चमकतं त्याला लावा: एम ४२ (मृगाचा तेजोमेघ), एम ८, एम १६, एम २७, रोझेट, हंसातला व्हेल (Veil, बुरख्यासारखा तेजोमेघ), हेलिक्स. जे ताऱ्यांच्या अखंड प्रकाशाने किंवा परावर्तित प्रकाशाने दिसतं त्याला लावू नका: दीर्घिका, तारकागुच्छ, कृत्तिकांभोवतीची निळी धूळ. दीर्घिकेवर एलपी लावला तर आकाशाच्या उजेडाबरोबर दीर्घिकेचा उजेडही त्याच प्रमाणात जातो, हाती फक्त मंद, तपकिरी चित्र येतं. धनु राशीतला एम २० हा पेचाचा नमुना आहे: त्याचा लाल भाग हायड्रोजनचा, निळा भाग परावर्तनाचा. फिल्टर लावला तर निळा गेला, काढला तर लाल आकाशात बुडाला. अशा वेळी दोन्ही प्रकारे वेगवेगळं घ्यावं आणि नंतर जोडावं. चंद्र वर असेल तर फिल्टर हायड्रोजनला वाचवतो, ऑक्सिजनला तितकासा नाही. चंद्रप्रकाश निळ्या-हिरव्याकडे जास्त असतो.

दहा सेकंद की तीस

दुर्बीण छोट्या छोट्या सुट्या चौकटी घेऊन त्या जोडत जाते; एका चौकटीसाठी अॅप १०, २० आणि ३० सेकंदांचे पर्याय देतं. नवे लोक लगेच ३० कडे जातात आणि मग 'निम्मी चित्रं फेकली गेली' म्हणून कपाळावर हात मारतात. कारण माउंट आडव्या-उभ्या अक्षांवर फिरतो. तारा मधोमध धरून ठेवता येतो, पण आकाश त्या मध्याभोवती गोल वळत राहतं. याला क्षेत्रभ्रमण म्हणतात. वेग असा काढा: १५ गुणिले अक्षांशाचा कोसाइन, गुणिले दिगंशाचा (उत्तरेपासून मोजलेल्या दिशेच्या कोनाचा) कोसाइन, भागिले उंचीचा कोसाइन, उत्तर विकला प्रति सेकंद.

उदाहरण म्हणून ३० अंश अक्षांश घेऊ. दक्षिणेला ६० अंश उंचीवरच्या वस्तूसाठी वेग येतो २६ विकला प्रति सेकंद. १० सेकंदांत चौकटीच्या कोपऱ्यातला तारा सुमारे १.४ पिक्सेल सरकतो, जो डोळ्याला दिसत नाही. ३० सेकंदांत सव्वाचार पिक्सेल, आणि कोपऱ्यातले तारे भाताच्या शितासारखे लांबट. वस्तू ८० अंशांवर गेली की १० सेकंदांतच चार पिक्सेल. याउलट वस्तू नेमकी पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर दिगंशाचा कोसाइन शून्य, भ्रमण जवळजवळ नाही, आणि तिथे ३० सेकंदही चालतात. म्हणून आडव्या-उभ्या पद्धतीत वस्तू निवडताना नकाशा पाहावा: पूर्वेला किंवा पश्चिमेला, ३५ ते ७० अंशांच्या दरम्यान. ३० अंशांच्या खाली हवेचा थर दुप्पट होतो आणि शहराचा घुमटही तिथेच असतो. डोक्यावरची वस्तू घ्यायचा मोह आवरावा. ऐन माथ्यावर माउंटला झपकन वळावं लागतं आणि मागोवा बिघडतो.

२०२५ मध्ये अॅपमध्ये विषुववृत्तीय पद्धत आली. डबा तिरका करून त्याचा उभा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, मग अॅप आकाशाचे काही फोटो घेऊन किती चुकलं ते सांगतं आणि आपण तिपाईचा कल व दिशा थोडी थोडी हलवून सुधारायची. ध्रुवतारा दिसणं गरजेचं नाही, अॅप ताऱ्यांच्या रचनेवरून ओळखतं. ध्रुव इमारतीमागे असलेल्यांना हे वरदान आहे. भ्रमण थांबतं, कोपरे छाटावे लागत नाहीत, ३० सेकंद बिनधास्त वापरता येतात. सेन्सर काही बदललेला नाही, पण या एका सुधारणेने दुर्बीण एक पायरी वर गेली असं आमचं मत.

मात्र तिरकेपणाची किंमत आहे. अक्षांश जितका कमी, तितका डबा जास्त आडवा होतो. २० अंशांवर अक्ष क्षितिजाला जवळजवळ समांतर, आणि अडीच-तीन किलोचा डबा तिपाईच्या बाहेर लोंबकळतो. सोबत आलेली हलकी तिपाई यासाठी बनलेली नाही. ३/८ इंची आट्यांची भक्कम तिपाई आणि सूक्ष्म हालचालीचा वेज (कल देणारा आधार) हवा. नुसतं बॉलहेड हळूहळू खाली बसतं आणि तासाभरात ध्रुवसंरेखन, म्हणजे अक्षाचा ध्रुवाकडचा रोख, गेलेलं असतं. तिपाईचा एक पाय जिकडे वजन झुकतं त्या बाजूला ठेवावा, मधल्या दांड्याला दगडाची पिशवी टांगावी.

मग १० की ३०? एलपी नसताना उजळ आकाशात १० सेकंदच पुरतात. सेन्सरचा स्वतःचा रीड नॉइज (चौकट वाचताना येणारी खरखर) कमी आहे आणि पार्श्वभूमीचा उजेड त्याला दहा सेकंदांतच गिळून टाकतो. लांब एक्स्पोजरने मिळणारं फार काही उरत नाही. एलपी लावला की पार्श्वभूमी काळी होते, आणि तेव्हा २० किंवा ३० चा फायदा खरोखर दिसतो. थोडक्यात, फिल्टरसोबत विषुववृत्तीय पद्धत ही जोडी जमवा. फिल्टरविना १० सेकंदांवर समाधान माना.

जिथे रात्र वाया जाते

तिपाई सपाट नसेल तर सगळंच डळमळतं. अॅपमध्ये पातळी दाखवणारं वर्तुळ आहे, ते हिरवं होईपर्यंत पाय जुळवा आणि होकायंत्र एकदा कॅलिब्रेट करून घ्या, लोखंडी कठड्यापासून दूर. वस्तू सापडत नाही अशी तक्रार आली की दहातले नऊ वेळा कारण पातळ ढग, झाडाची फांदी किंवा छपराची कड असतं. दुर्बीण आकाशाचा फोटो घेऊन तारे ओळखते. अर्ध्या चौकटीत पानं असतील तर ती काय ओळखणार?

सोबतची तिपाई बुटकी आहे. भिंग जमिनीजवळ राहतं, तिथे दव आधी पडतं आणि कंपाउंडची भिंत निम्मं आकाश झाकते. उंच टेबल घेऊ नका, ते कापतं. उंच तिपाई घ्या. लाकडी डेकवर कोणी चाललं की पाचसहा चौकटी जातात. वारा असेल तर पाय आखूड ठेवलेले बरे.

दव पडू लागलं की आधी ताऱ्यांभोवती मऊ झालर येते, मग अॅपमध्ये चौकटी नाकारल्या जाण्याचं प्रमाण वाढतं. हीटर तेव्हा नव्हे, सुरुवातीपासूनच चालू ठेवावा. भिंग एकदा ओलं झालं की सुकायला अर्धा तास जातो. हीटर बॅटरी खातो. निर्माता सहा तास म्हणतो, हीटर चालू असताना तेवढे मिळत नाहीत. यूएसबी-सी ने पॉवरबँक जोडता येते, पण डबा गोल फिरत असतो, तेव्हा केबलला हातभर ढील द्या आणि ती तिपाईच्या पायात अडकणार नाही अशी सोडा.

बाजूचा दिवा थेट भिंगावर पडत असेल तर कुठलाही फिल्टर वाचवत नाही. चौकटीच्या एका कोपऱ्यात धुकट चांदवा दिसतो. काळ्या फोमशीटची किंवा जाड काळ्या कागदाची आठ-दहा सेंटीमीटरची नळी भिंगाभोवती बसवा, आतली बाजू चकचकीत नको. काम संपल्यावर दुर्बिणीचा हात डब्यात मिटतो, त्याआधी नळी काढायची. हे विसरलं तर मोटर अडते, आणि तो आवाज ऐकवत नाही.

सेन्सर थंड केलेला नाही. तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढलं की त्याचा अंधारातला करंट दुप्पट होतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या रात्री चित्र हमखास जास्त खरखरीत. दुर्बीण सत्राच्या सुरुवातीला भिंग झाकून स्वतः डार्क चौकटी (चित्रातून वजा करायच्या काळोख्या चौकटी) घेते. संध्याकाळी घेतलेले डार्क पहाटेच्या थंडीत नीट जुळत नाहीत. तापमान बरंच उतरलं असेल तर सत्र थांबवून पुन्हा सुरू करावं, त्याच वेळी फोकसही पुन्हा करून घ्यावा. विषुववृत्तीय पद्धतीत याचा आणखी एक उपयोग होतो: वस्तू पुन्हा शोधताना चौकट थोडी सरकते आणि सेन्सरचे तापट (विनाकारण चमकणारे) पिक्सेल एकाच तिरप्या रेषेत साचत नाहीत.

अॅपमधलं चित्र ही फक्त पोचपावती

अॅप चित्रं जोडत जातं, ताणतं, खरखर कमी करणारं बटणही देतं. पाहुण्यांना दाखवायला उत्तम. पण उजळ आकाशाखाली हे चित्र फसवं असतं: पार्श्वभूमीचा उतार तसाच राहतो, पुसट बाह्यभाग त्यात बुडतो, आणि खरखर पुसणारं बटण ताऱ्यांच्या मधली जागा मेणासारखी करून टाकतं. या दुर्बिणीची खरी कमाई म्हणजे एकेक सुटी चौकट. सेटिंगमध्ये प्रत्येक चौकट जपून ठेवण्याचा पर्याय आहे. पहिल्या रात्रीआधी तो चालू आहे का पाहा. नंतर चालू करून गेलेल्या चौकटी परत येत नाहीत.

एक चौकट सुमारे ४.१ एमबीची फिट्स (खगोलचित्रांच्या कच्च्या माहितीची) फाइल असते. १० सेकंदांच्या हिशोबाने तासाला ३६० चौकटी, म्हणजे दीड जीबी. आतली साठवण भरायला बऱ्याच रात्री लागतात, तरी दर रात्रीनंतर रिकामी करावी. 'मायवर्क्स' फोल्डरमध्ये वस्तूच्या नावापुढे 'सब' लावलेलं फोल्डर असतं, ते उचला. दुर्बीण घरच्या वायफायला जोडली तर संगणकावर नेटवर्क ड्राइव्हसारखी दिसते, केबलने जोडली तर आणखी वेगात.

जोडणीसाठी सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे, सीस्टारसाठी तयार स्क्रिप्टही त्यात मिळतात. हाताने करायचं तर क्रम असा. चौकटी रंगीत करून एका मालिकेत बदला. विंडोजवर एका वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा २०४८ आहे. सहा तासांचं काम त्यात मावत नाही आणि स्क्रिप्ट मधेच कोलमडते. मालिका एकाच मोठ्या फिट्स फाइलमध्ये साठवण्याचा पर्याय निवडला की ही अडचण संपते. डिस्कवर जागा मोकळी ठेवा: रंगीत केलेली एक चौकट ३२ बिटमध्ये २५ एमबीची होते, १५०० चौकटींना ३७ जीबी, आणि जुळणीनंतर तेवढीच आणखी एक प्रत. १६ बिट निवडलं तर निम्मं.

मग, जोडण्याच्या आधी, प्रत्येक चौकटीतून पार्श्वभूमीचा उतार काढा, पहिल्या घाताचा, म्हणजे सरळ उतार. हा टप्पा बरेच जण गाळतात आणि शेवटच्या चित्रावर एकदाच झटका देतात. क्षेत्रभ्रमणामुळे शहराच्या उजेडाची दिशा चौकटीत रात्रभर फिरत असते; एकेका चौकटीत ती सरळ पातळी असते, पण सगळ्यांची बेरीज झाली की तिचे लाटांसारखे ढग होतात, आणि ते ढग खऱ्या तेजोमेघापासून वेगळे काढणं अशक्य होऊन बसतं. सुटे असतानाच काढले तर मिनिटांचं काम.

त्यानंतर दोन फेऱ्यांची जुळणी. ताऱ्यांची रुंदी आणि गोलाई पाहून वाईट दहा टक्के चौकटी टाका. लोभाने सगळ्या ठेवल्या तर एकूण तारे फुगतात. जोडताना विन्सराइज्ड सिग्मा (फार वेगळे पडणारे पिक्सेल वगळणारी पद्धत), वर-खाली तीन-तीन: उपग्रह आणि विमानांच्या रेघा त्यातच निघून जातात. कडा छाटा, कारण तिथे कमी चौकटी पडलेल्या असतात. मग उरलेला उतार, मग तारकायादीवरून रंग जुळवणं. त्यासाठी सिरिलला २५० मिमी आणि २.९ मायक्रॉन हे दोन आकडे लागतात. एलपी लावून घेतलेल्या चित्राला रंग जुळवण्याची साधी पद्धत लावू नका, ती अखंड वर्णपट गृहीत धरते. त्याऐवजी हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढायची सोय वापरा. लक्षात ठेवा, हायड्रोजन फक्त लाल पिक्सेलवर, म्हणजे चारातल्या एकावर पडतो. ऑक्सिजन हिरव्या आणि निळ्या मिळून तिन्हींवर. म्हणून हायड्रोजनचा तपशील नेहमी थोडा ढोबळ येतो. चौकट थोडी थोडी सरकवत घेतलेल्या हजारभर चौकटी असतील तर ड्रिझलने (सरकलेल्या चौकटींतून बारीक तपशील काढणाऱ्या पद्धतीने) त्यातला काही परत मिळतो.

शेवटी ताण. तारे स्टारनेट या सॉफ्टवेअरने बाजूला काढून तेजोमेघ वेगळा ताणला तर तारे जळत नाहीत. पार्श्वभूमी काळीकुट्ट करू नका. उपनगरातल्या चित्राचं सगळं मोल त्या करड्या भागाच्या कडेला असतं.

काय हाती लागतं

वेळेचा अंदाज, उपनगरातल्या आकाशासाठी, चंद्र नसताना. मृगाचा तेजोमेघ पंधरा मिनिटांत सुंदर, पण गाभा जळतो, त्यासाठी १० सेकंदांच्याच चौकटी ठेवाव्यात. जंबुकातला एम २७ एलपीसह एक तास: डमरूच्या दोन्ही टोकांना लाल किनार आणि मधला निळसर-हिरवा भाग स्पष्ट. शौरीतला एम १३ अर्ध्या तासात, फिल्टरविना. गाभ्याजवळचे तारे सुटे होत नाहीत, कडेचे होतात. हंसातला व्हेल एलपीसह चार तास. इथे दुर्बीण स्वतःच्या लायकीपेक्षा जास्त देते, धागे खरोखर सुटे दिसतात. रोझेट तीन-चार तास, मोझेकमध्ये दुप्पट. अभिजितजवळचा एम ५७ हा कड्याचा तेजोमेघ ३५ पिक्सेलचा वाटाणा. कडं दिसतं, बाकी अपेक्षा ठेवू नये. श्यामशबलमधली एम ५१ सहा तास दिले तर भुजा आणि जोडीची दीर्घिका नीट येतात, पण दोघींना जोडणाऱ्या धुरकट भरतीच्या लाटा उजळ आकाशातून जवळपास नाहीतच. एका तासाचे चार तास केले की खरखर निम्मी होते, चाराचे सोळा केले की पुन्हा निम्मी. कुठे थांबायचं ते यावरूनच ठरवावं. दर रात्री नवी वस्तू घेणाऱ्याचा संग्रह मोठा होतो, चित्रं कच्ची राहतात. एकाच वस्तूवर चार रात्री बसणाऱ्याला ही दुर्बीण जास्त देते.

दुसरं काय घेता येईल

लहान भावंड एस३० ला ३० मिमी भिंग आणि १५० मिमी नाभीय अंतर आहे. तेही एफ/५ च आणि पिक्सेलही २.९ मायक्रॉनचेच. त्यामुळे पसरट तेजोमेघाचा उजेड दर पिक्सेलला दोन्हींत सारखाच पडतो. '५० मिमी म्हणजे पावणेतीनपट प्रकाश' हा युक्तिवाद ताऱ्यांना आणि लहान वस्तूंना लागू आहे, रोझेटला नाही. एस३० ची चौकट सुमारे २.१ गुणिले १.२ अंशांची. तेजोमेघच घ्यायचे असतील तर एस३० जास्त शहाणपणाची. दीर्घिका, गोलाकार गुच्छ आणि ग्रहसदृश तेजोमेघ हवे असतील तर एस५०. ड्वार्फलॅबची ड्वार्फ ३ ही ३५ मिमी भिंगाची, १५० मिमी नाभीय अंतराची, आयएमएक्स६७८ सेन्सरची. चौकट जवळजवळ तीन अंश रुंद आणि वजन जवळपास निम्मं. पिक्सेल २ मायक्रॉनचे असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो, ते नंतर दोन-दोन एकत्र करून भरून काढावं लागतं.

आणि विषुववृत्तीय माउंट, ६०-८० मिमीचं अपोक्रोमॅट, थंड केलेला कॅमेरा आणि ७ नॅनोमीटरचा फिल्टर असा जुना मार्ग? चित्राच्या दर्जात सीस्टार त्याच्या जवळपासही नाही: सेन्सर ५.६ गुणिले ३.१ मिमीचा, बदलता येत नाही, फिल्टरही नाही. पण त्या मार्गावर ध्रुवसंरेखन, गाइडिंग, तोल, केबली आणि फोकस जमायला महिने जातात, आणि अंगणात दोन ढगांच्या मधे दीड तासच मोकळा मिळाला तर त्यातला पाऊण तास मांडणीत जातो. सीस्टार त्याच दीड तासातून सव्वा तासाच्या चौकटी देते. ज्यांच्याकडे मोठी मांडणी आहे त्यांनीही ती चालू असताना शेजारी हिला ठेवून पाहावं.

डब्याच्या किमतीत येत नाही पण हवंच असं तीनच गोष्टींचं सामान: ३/८ इंची भक्कम तिपाई, सूक्ष्म हालचालीचा वेज, आणि काळ्या फोमची नळी. चौथा खर्च संगणकाच्या डिस्कचा. २०० जीबी मोकळे नसतील तर चौकटी जपण्याचा पर्याय चालू करण्याआधी ते मोकळे करा.